फाटलेल्या पँटीचा सिनेमा

मला माझ्या थोरल्या जावेचा हेवा वाटायचा. ती रूपाने माझ्याहून डावी, कामाला माझ्याइतकीच. पण ती बोलायला लागली की माणसं हसायची आणि मी बोलले की म्हणायची, "बरं, मग?"

आम्ही वाशीगावात राहायचो. खाडीवर पूल व्हायच्या कितीतरी आधीची गोष्ट. एकदा माझ्या यजमानांनी आम्हा दोघींना होडीने पलीकडे नेऊन विनोदी सिनेमा दाखवला. नायक मुलगी बघायला जातो आणि दारातल्या खिळ्याला अडकून त्याची पँट मागून फाटते. मग तो सगळा वेळ भिंतीला पाठ लावून वावरतो. हसू आवरेना म्हणून मी तोंडात पदर कोंबला. जाऊ गप्प. हिला काही कळलंच नाही, असं वाटून मला बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी अंगणात बोंबील वाळत घालताना शेजारणींनी सिनेमाचं विचारलं. मी घाईने सगळं जसंच्या तसं सांगितलं, मधे मधे मीच हसले. बायका नुसत्या बघत राहिल्या. मग जाऊ म्हणाली, "बिचाऱ्याची लय पंचाईत झाली गो. होनारा सासरा समोर. पाया पडाला वाकला, तं मागं सासू!"

तिच्या चेहऱ्यावर अशी काळजी, की तो तिचाच भाऊ असावा. बायका बोंबील टाकून हसल्या. ओसरीवर जाळं विणणारे माझे यजमानही हसले. माझ्या बोलण्याला ते कधी असे हसले नव्हते. माझा नुसता जळफळाट झाला.

आईला दाखवायच्या निमित्ताने मी तोच सिनेमा पुन्हा पाहिला. या खेपेला फक्त नायकाचं तोंड बघितलं. तो एकदाही हसला नाही. त्याला अब्रूची पडली होती, म्हणूनच आम्हाला हसू येत होतं. जावेला हे कुणी शिकवलं नव्हतं. घरी येऊन मीही तोंड गंभीर करून सांगून पाहिलं. शेजारीण म्हणाली, "पोट दुखतंय काय गो?"

पुढे एकदा पावणे गावाहून, माझ्या माहेरून परतताना मी मिठागराच्या बांधावरून घसरले आणि नव्या लुगड्यानिशी चिखलात बसले. नेमके समोरून चुलतसासरे आले. मी बसल्या बसल्याच डोक्यावर पदर घेतला. घरी येऊन मी हे रागारागाने सांगितलं, तर यजमान खांबाला धरून हसायला लागले, शेजारणीही हसल्या. जाऊ मात्र पाणी घेऊन आली आणि माझा घोटा चाचपून म्हणाली, "लागला काय गो कुठं?"

तिच्या जागी मी असते तर आधी हसले असते. हे मनात आलं आणि मी चिडूनच म्हणाले, "तू पन हास की!"

"हसू काय?" ती कळवळून म्हणाली. "नवा लुगडा होता!"

त्यावर सगळे आधीपेक्षा जास्त हसले.