ब्लॉकलिस्टवरचा पत्ता

महाडच्या बाजारपेठेत माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. गावातल्या काही वकिलांच्या आणि कारखान्यांच्या मेल माझ्याच सर्व्हरवर येतात. पोलादपूरच्या बहिणीची मुलगी नोकरीसाठी अर्ज करायला लागली तेव्हा मी शहाणपणा केला. म्हटलं, फुकटचा पत्ता कशाला देतेस, मामाच्या सर्व्हरवरचा दे, वजन पडतं.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेकडून तिला मुलाखतीचं बोलावणं यायचं होतं. किती दिवस झाले, काहीच नाही. "मामा, जरा बघ ना रे," असं ती फोनवर म्हणाली तेव्हा मी चिडलोच. माझ्याकडे काही अडकत नाही, म्हटलं. तरी सर्व्हरची नोंद उघडली, तर प्रयोगशाळेच्या मेल माझ्याच सर्व्हरनं परत पाठवलेल्या.

कचरा मेल पाठवणाऱ्या सर्व्हरांच्या याद्या असतात, त्या ब्लॉकलिस्ट. डोकं ठिकाणावर असलेला माणूस यादीत पाठवणाऱ्या सर्व्हरचा पत्ता दिसला की मेलला नुसते संशयाचे गुण लावतो, फारच संशय आला तर स्पॅममध्ये टाकतो. पण आमच्याकडे स्पॅमचा फोल्डर उघडून बघतं कोण? हवी ती मेल दिसली नाही की वकीलसाहेब सरळ मलाच फोन करून झापतात. वैतागून मी ते गुणबिण काढूनच टाकले होते. एका यादीत जरी पत्ता सापडला, तरी मेल दारातूनच परत. प्रयोगशाळेचा सर्व्हर भाड्याचा, अनेकांत मिळून एक. त्यावरच्या दुसऱ्याच कुणीतरी कचरा पाठवला, आणि यादीत सगळेच गेले.

लगेच पुण्याला फोन लावला. तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या, आम्ही बोलावणं पाठवलं, मग आठवण केली, मग शेवटची सूचना दिली. उत्तर नाही म्हणून दुसरीला घेतलं. परत आलेल्या मेल त्यांच्याकडे कुणी वाचत नाही. मी गयावया केली, चूक माझी आहे असं लेखी देतो म्हटलं. काही उपयोग झाला नाही.

तसाच मोटरसायकल काढून पोलादपूरला निघालो. वाटभर एकच विचार, सांगूच नये. कुणाला कळणार होतं? स्वतःचीच शिसारी आली.

"आलास काय रे दादा? बस, चहा टाकते," म्हणत बहीण आत गेली. भाची समोर बसली. माझं तोंड बघून तीच मला समजावायला लागली.

"जाऊ दे मामा, त्यांना मी नको असेन. अजून चार ठिकाणी अर्ज टाकलेत, तुझ्याच पत्त्यावरून."

मग मात्र राहवेना. सगळं सांगितलं.

"तीनदा बोलावलं होतं त्यांनी मला?"

मी हो म्हणालो.