आधी खड्डा, मग भाजी

दौंडच्या स्टँडवर शिरूरची एसटी येऊन लागली आणि कंडक्टरने खाली उतरायच्या आधीच सांगितलं, "मास्तर, तुमची मार्थाआत्या गेली. पहाटंच." मी त्याच गाडीने शिरूरला परतलो. संध्याकाळी दफन झालं. कबरीवर सगळ्यांत मोठा हार होता तो दौंडचे भाजीचे व्यापारी रतनशेठ यांचा. पाळकसाहेबांची प्रार्थना संपते न संपते तोच शेठ डोळ्यांना रुमाल लावून म्हणाले, "शुद्ध अन्नासाठी बाईंनी आयुष्य वेचलं." आत्याने हे ऐकलं असतं तर पेटीतून उठून बसली असती... आज महिना झाला, पण तो रुमाल काही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तो मी आधीही एकदा पाहिला होता, शेठच्या नाकावर.

आत्याचा घोडनदीच्या काठी लहानसा मळा होता. सरकारी खताची पांढरी पोती गावोगाव येऊ लागली तेव्हा जो तो त्यांच्यामागे धावला. आत्याने मात्र आपलं सोनखत सोडलं नाही. सोनखत म्हणजे गावचा मैला आणि केरकचरा, खड्ड्यात वर्षभर कुजवलेला. पुरता कुजला की चहाच्या भुकटीसारखा काळा आणि मोकळा होतो, वास राहत नाही. मळ्याच्या तोंडाशीच तिचा खड्डा होता, वर पत्र्याचं छप्पर. गिऱ्हाईक कोणीही असो, आधी त्याला तिथे नेऊन उभं करायची, सांगायची आणि मगच तराजू उचलायची. नावं ठेवणारे गावात पुष्कळ होते. तिच्याच वांग्यांचं भरीत खाऊन ते नावं ठेवत.

मग पुण्याच्या शहाण्या लोकांना शोध लागला की पांढऱ्या खताने अन्नाची चव जाते. कोणीतरी आत्याची मेथी नेली आणि दर रविवारी मळ्यापाशी मोटारी उभ्या राहू लागल्या. ही माणसं गाडीतून उतरत नसत, ड्रायव्हर पिशवी घेऊन येई. त्यामुळे खड्डा पाहिला तो ड्रायव्हरांनीच, आणि त्यांना कोण विचारतो? तिच्या मुळ्याने एका वकिलांचं पोट साफ होऊ लागलं, एका बाईंचे केस गळायचे थांबले, कोणाच्या तरी मुलाची खरूज गेली. धुपाटण्यातल्या अंगाऱ्यालासुद्धा एवढे गुण कोणी चिकटवले नसतील. रतनशेठला वास लागला तो तेव्हा. ते टोपल्या भरून दौंडला नेऊ लागले, तिथून रेल्वेने पुण्याला.

एका रविवारी एक बाई हौसेने स्वतः उतरल्या. शेठही होते, मीही होतो. आत्याने दोघांना खड्ड्यापाशी नेलं.

"शेणखत ना?" बाईंनी विचारलं.

"सोनखत हाय, बाई. गावच्या संडासातलं."

बाईंनी पदर तोंडावर घेतला, शेठने रुमाल. पुढच्या रविवारी एकही मोटार आली नाही. शेठ मात्र आले. "मार्थाबाई, शेणखत म्हणा. एका शब्दानं काय बिघडतंय?"

"ज्याच्यावर भाजी वाढली ते लपवू व्हय?" आत्या म्हणाली. "माझ्या तोंडानं खोटं न्हाई यायचं. तुमी टोपल्या उचला."

शेठने टोपल्या उचलल्या, पण तिचं नाव सोडलं नाही. दौंडला त्यांच्या दुकानावर पाटी लागली: 'मार्थाबाईंची शेणखतावरची भाजी'. आत ढीग होता मार्केट यार्डातल्या, पांढऱ्या खतावर पोसलेल्या कोबीचा. पुणेकरांनी तोही मिटक्या मारत खाल्ला. वकिलांचं पोट पूर्वीइतकंच साफ होत राहिलं. असल्या जिभांची मला किळस येते. आत्याला मी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. खुरपं खाली ठेवून म्हणाली, "भाजी सडली तर उकिरड्यात टाकता येती. नाव कुठं टाकायचं रे?" त्यानंतर तिच्याकडे गावातली नि आसपासची चार घरं येत, ती खड्डा बघणारी.

आता मळा मीच बघतो. गेल्या शनिवारी तिथे होतो. रतनशेठ आले. दुकानात लावायला त्यांना आत्याचा फोटो हवा होता. "लोकांचा विश्वास बसतो," ते म्हणाले.

"घेऊन जा की," मी म्हणालो. "खड्ड्यावरच्या छपराखाली टांगलाय."

शेठ जागचे हलले नाहीत. खिशातला रुमाल तेवढा बाहेर आला. तेवढ्यात वडगाव रासाईचे आबा पिशवी घेऊन आले. दर शनिवारी बाजाराला आले की मेथी नेणारे. ते सरळ खड्ड्याकडे गेले, वाकून मूठभर खत हातात घेतलं, चोळून पाहिलं, फोटोकडे बघून मान हलवली आणि मग माझ्याकडे वळले.

"दे आता दोन जुड्या."

शेठ कधी गेले ते मी पाहिलं नाही. फोटो अजून तिथेच आहे.