बुडबुडेमामांचा हौद

बुडबुडेमामांचं खरं नाव एखाद्या सरकारी कागदावर असेलच, पण ते शोधायला कोणी गेल्याचं ऐकिवात नाही. चाळीस वर्षं ते गाड्यांचे गळके रेडिएटर दुरुस्त करत आले. दुकानाच्या मधोमध जाड पत्र्याचा कमरेइतका हौद. तो मूळचा एका रंगाऱ्याचा, म्हणून काठाला अजून निळी झाक होती. रेडिएटर पाण्यात बुडवायचा, एका तोंडाला बूच, दुसऱ्याला रबरी नळी, आणि मग गाल फुगवून फुंकायचं. बुडबुडा निघाला तिथे खडूची खूण आणि वर वितळलेल्या कथलाचा डाख. हवेचा पंपही होता, भिंतीला टांगलेला. "पंपाला काय कळतंय?" असं म्हणून मामा त्यावर टोपी अडकवत.

पण दिवस फिरले. रेडिएटरला प्लास्टिकच्या टाक्या आल्या आणि प्लास्टिकला काही डाख लागत नाही. समोरच्या फुटपाथवर मामांच्या सख्ख्या धाकट्या भावाने तयार रेडिएटरचं दुकान काढलं. काचेचं दार, आत खोक्यांची थप्पी, गिऱ्हाइकाला बसायला गुबगुबीत खुर्ची. मामा त्या दुकानाला 'डबेवाला' म्हणत. धाकटा मामांच्या दुकानाला काही म्हणत नसे, आणि मामांना तेच जास्त झोंबे.

मामी तर उघड उघड दिराच्या पक्षात. डाख लावताना उठणाऱ्या ॲसिडच्या वाफेने मामांना खोकला धरला होता, आणि डॉक्टरांनी हे काम सोडा म्हणून बजावलं होतं. "भाऊजी काउंटरवर बसा म्हणतायत, सिंहासनावर नव्हे! त्यात एवढं काय लाजायचंय?" असं त्या दिवसातून दोनदा तरी म्हणत. मामांना दिवसातून दोनदा बरोबर तेव्हाच ऐकू येत नसे.

अशात एका सकाळी दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. वय पासष्ट, आणि दोनच माणसं मावतील अशी लाल, जमिनीला पोट घासत चालणारी स्पोर्ट्स कार. दवाखाना मुलीच्या हाती देऊन बाईंनी ही जुनी गाडी घेतली, तेव्हा गल्लीत महिनाभर दुसरा विषय नव्हता. गाडीच्या नाकाखालून हिरवं पाणी ठिबकत होतं. मामांनी रेडिएटर उतरवला, हौदात बुडवला, फुंकला. जाळी आणि प्लास्टिकची टाकी जिथे जुळतात तिथून बुडबुड्यांची माळच निघाली.

"हा गेला, बाई. बदलावा लागेल."

"कंपनीचा आता मिळत नाही, मामा. बाहेरचे तीन प्रकार मिळतात म्हणे. कुठला घेऊ, तुम्हीच सांगा. घाटात मला दगा नको."

म्हणजे आता समोर जाणं आलं. मामांना रस्ता ओलांडताना पाहून शेजारच्या न्हाव्याने गिऱ्हाइकाच्या एका गालाचा साबण तसाच वाळू दिला.

धाकट्याने तिन्ही खोकी उघडून मांडली. पहिला मूळच्याचा भाऊ शोभेल असा, प्लास्टिकच्या टाक्यांचा. दुसरा सगळाच्या सगळा ॲल्युमिनियमचा, जाडी मूळच्याइतकीच. तिसराही ॲल्युमिनियमचा, पण तीन पदरी आणि दुसऱ्याच्या दीडपट जाड.

"दादा, निवड तुझी," धाकटा म्हणाला. "गाडी थंड राहिली तर काउंटरचं नाव पुन्हा काढणार नाही. उकळली तर मात्र हौद बंद करून इथे बसायचं. कबूल?"

"कबूल," मामा म्हणाले. मागे मामी कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या देव जाणे. "मी साक्षीला आहे," त्या म्हणाल्या.

मामांनी वीत टाकून लांबी मोजली, उंची मोजली. जाड रेडिएटर उचलून वजन जोखलं, जशी सुगरण भोपळा निवडते. जास्त पदर म्हणजे जास्त पाणी, जास्त पाणी म्हणजे जास्त गारवा, हिशेब सरळ. तो त्यांनी आपल्या हौदात नेऊन फुंकला. एकही बुडबुडा नाही. "हाच," ते म्हणाले.

जाडी काही त्यांनी मोजली नाही. त्यांच्या उमेदीच्या काळातल्या गाड्यांत इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये प्रवासाची बॅग ठेवावी एवढी मोकळी जागा असे. तिथे जाडी मोजणारा माणूस वेडाच ठरला असता.

बसवताना लक्षात आलं की पंखा मध्ये बसतच नाही. पण तोवर समोरच्या काचेआडून चार डोळे बघत होते. मामांनी पंख्याभोवतीची हवा खेचणारी कड काढून टाकली, एक छोटा पंखा कोपऱ्यात कसाबसा जमवला आणि बॉनेट दाबून लावलं.

तीन दिवस गाडी रुबाबात पळाली. मामांचा खोकलासुद्धा त्या तीन दिवसांत जरा ऐटीत येत होता. चौथ्या दिवशी भर दुपारी सिग्नलला वाहनांची रांग लागली, गाडी वीस मिनिटं जागची हलली नाही, आणि काटा चढत चढत लाल रेघेला टेकला. डॉक्टरीणबाई गाडी टो करवून आल्या त्या थेट मामांच्या दारात. चिडलेल्या नव्हत्या. त्यांनी बॉनेट उघडलं, चष्मा लावला आणि एखाद्याच्या तोंडात डोकवावं तसं आत पाहिलं.

"पळताना वारा समोरून लागतो, म्हणून निभावलं. उभी राहिली की पंख्याचं काम, आणि पंखा तुम्ही कोपऱ्यात हाकललाय. मामा, दाढेवर मोठी टोपी बसवली म्हणून जास्त चावता येत नाही. जबडा मिटायला हवा."

मामांनी खडू कानावरून काढला, पुन्हा ठेवला.

"चुकलं, बाई," ते म्हणाले. हे वाक्य मामींनी एकोणचाळीस वर्षांच्या संसारात ऐकलं नव्हतं. ते परक्या बाईला ऐकायला मिळालं याचं त्यांना बरेच दिवस वाईट वाटत होतं.

धाकटा दुसरा रेडिएटर, मूळच्याइतक्याच जाडीचा, खांद्यावर घेऊन स्वतः आला. हसला नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. "आण, बसवू."

"थांब." मामांनी नळी लावली. "आधी पाण्यात."

"दादा, कारखान्यातून तपासून येतो तो!"

मामांनी फुंकलं. खालच्या कोपऱ्यातल्या वेल्डिंगमधून एक बुडबुडा वर आला. मग दुसरा, अगदी सावकाश.

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने खोक्यावरच्या 'तपासलेला' या शिक्क्याकडे पाहिलं. मामांनी कोणाकडेच पाहिलं नाही. त्यांनी कोपऱ्यावर खडूने गोल काढला आणि म्हणाले, "दुसरा आण."

पुढचा नग कोरडा निघाला. तो बसला, पंखा आपल्या जागी आला, कड परत लागली. डॉक्टरीणबाई घाट चढून उतरून आल्या आणि सिग्नलला मुद्दाम दोनदा थांबल्या. काटा मधल्या रेघेवरून हलला नाही.

शब्द म्हणजे शब्द. पुढच्या आठवड्यात मामांनी ॲसिडच्या बाटल्या मोडीत काढल्या आणि ते समोर गेले. पण एकटे नाहीत. चौघा हमालांकडून हौद उचलून नेला आणि गुबगुबीत खुर्चीच्या जागी, काचेच्या दारातून नीट दिसेल असा मांडला.

"अरे दादा, हौद बंद करायचा ठरलं होतं ना?"

"डाख लावणं बंद केलंय. वाफ गेली. पाणी कुठे खोकला आणतं?"

मामींनी यावर विचार केला आणि या एका बाबतीत दिराची साथ सोडली.

आता तिथे प्रत्येक रेडिएटर गिऱ्हाइकासमोर बुडतो, आणि विकण्याआधी फुटपट्टीने जाडीही मोजली जाते. दहांतला एखादा बुडबुडा सोडतोच. माल आणणारा विक्रेता हल्ली दुकानात शिरण्याआधी काचेतून बघतो, मामा जेवायला गेलेत का. मामा मात्र डबा तिथेच आणतात, आणि हौदाच्या काठावर बसून जेवतात.