मुरगूडच्या फोटोतले डोळे

बाळांनो, गेल्या रविवारी तुमच्यातल्या थोरल्याने फोनवर विचारलं, "आजी, रोलचा जुना कॅमेरा घेतलाय. ब्लॅक अँड व्हाइट अवघड की रंगीत?" मी "दोन्ही" म्हणून विषय बदलला. ते खरं उत्तर नव्हतं. पुढच्या आठवड्यात माझ्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. त्याआधी लिहून ठेवते.

आपल्या स्टुडिओत फोटो तुमचे आजोबा काढत. छापणं आणि टचिंग, म्हणजे फोटोवरची ब्रश-पेन्सिलीची दुरुस्ती, माझ्याकडे होती. काळ्या-पांढऱ्यात चूक पोटात घालता येते. लाल दिव्याखाली चेहरा उमटताना दिसतो, नको तिथला उजेड हाताने अडवता येतो. रंगीतची सगळी हुशारी बटण दाबण्याआधी. आपल्याला साधा वाटणारा बल्ब फिल्मला पिवळाधमक दिसतो. नंतर रोल पुण्याच्या लॅबला जायचा, आपल्या हाती काही उरायचं नाही.

त्या काळी माणूस गेलं की स्टुडिओला बोलावणं यायचं, कारण पुष्कळांचा जिवंतपणी एकही फोटो नसे. मिटलेले डोळे मी टचिंगने उघडून द्यायची. आजोबा रंगीत रोल वापरू लागले, त्याच सुमारास मुरगूडहून असं बोलावणं आलं. घरात बल्ब एकच होता. फोटो पिवळा आला. न्यायला त्या माणसाची बायको आली. पोटुशी होती, बरोबर सासू.

"एवढं पिवळं न्हवतं की ओ ते," ती म्हणाली. "वैनी, डोळं उघडून द्या. पोटातल्याला बाप दावायचाय."

रंगीतवर ते जमत नाही. खरवडलं की खालून भलताच रंग निघतो. मी त्याच निगेटिव्हवरून काळ्या-पांढऱ्या कागदावर प्रिंट काढायचं ठरवलं. विचारलं, "डोळे कसे होते?"

"घारं."

एवढंच. प्रिंट खडबडीत आली. पापण्यांच्या जागी ब्लेडच्या पातीने काळं खरवडून पांढरं काढलं आणि बुबुळाला ब्रश लावला. घारे डोळे मी जन्मात एकाचेच जवळून पाहिले होते, माझ्या दादाचे. तो सतराव्या वर्षी विहिरीत बुडाला. ब्रश बाजूला घेतला तेव्हा दादा माझ्याकडे बघत होता. पुसायला हवं होतं. मी पुसलं नाही.

सासूने फोटो खिडकीशी नेला. "हे डोळं माझ्या लेकाचं न्हाईत."

मी मान खाली घातली. सुनेने फोटो तिच्या हातातून घेतला. बराच वेळ बघितला.

"असू दे आत्ती. बघत्यात की माझ्याकडं."

ही गोष्ट मी आजोबांनाही सांगितली नाही. कितीदा वाटायचं, दादा परक्या घरात, परक्या चेहऱ्याआडून बघतोय, आणि त्याला तिथे मीच ठेवलंय.

गेल्या वर्षी धीर करून मुरगूडला गेले. दार तेव्हा त्या सुनेच्या पोटात असलेल्या मुलाने उघडलं; आता त्याचेही केस पिकलेत. त्याचे डोळे घारेच, पण कडांना खाली उतरलेले. दादाचे तसे नव्हते. ती सासू खरं बोलली होती. "आमचं वडील," म्हणून त्याने मला फोटो दाखवला. मी हात जोडले, खरं काही सांगितलं नाही.

रंगीत प्रिंट विटून गेली, निगेटिव्हला बुरशी लागली. दादाचा फोटो कधी काढलाच गेला नव्हता. मुरगूडचा तो काळा-पांढरा फोटो अजून भिंतीवर आहे, आणि त्यातले डोळे स्वच्छ दिसतात.