आखुनाशन चूर्ण

मंडळी, घर लावायला पैसे लागत नाहीत, असा उपदेश मी परवाच गल्लीतल्या या फळ्यावर लिहिला होता. कॉफीच्या रिकाम्या बाटल्या, जुन्या वह्यांचे कागद आणि वाटीभर खळ, एवढ्यात आमचं स्वयंपाकघर लागलं. प्रत्येक बाटलीला चिठ्ठी डकवली, तीही शुद्ध संस्कृतात. बायको म्हणाली, "जिऱ्याले जीरक म्हटल्यानं फोडणी चांगली बसते का जी?"

आज दुपारी रामटेकहून आलेल्या मामासासऱ्यांनी स्वयंपाकघरातून विचारलं, "जावईबापू, हे जेवणाआधी घ्याचं का नंतर? सकाळपासून कंबर आखडून राहिली माही."

त्यांच्या एका हातात चमचा होता आणि दुसऱ्या हातातल्या बाटलीवर माझ्या वळणदार अक्षरात 'आखुनाशन चूर्ण'.

आखु म्हणजे उंदीर. ते सीताबर्डीच्या बाजारातून आणलेलं उंदीर मारायचं औषध होतं.

मी धावत त्यांच्याजवळ गेलो. "घेतलं का तुम्ही?"

मामा तोंडातली सुपारी चघळत म्हणाले, "घेतलं ना."

मी बायकोला हाक मारली.

"चमच्यात घेतलं. तुमाले विचारल्याशिवाय तोंडात कसं टाकू जी?"

बायकोनं बाटली हिसकावली. मी मामांचे हात साबणानं धुऊन दिले, पुन्हा धुऊन दिले. आत बायको सगळ्या चिठ्ठ्या भिजवून खरवडते आहे आणि मी बाहेर फळ्यावर हे लिहितो आहे.

मंडळी, घरी जाऊन एकदा पाहा: तुमच्या घरातलं विष पाहुण्याला ओळखता येतं का?