चारशे बारा हिरव्या खुणा

आज दुपारी संगणकाच्या पडद्यावर चारशे बारा हिरव्या खुणा एकाखाली एक उमटल्या. लाल एकही उरली नाही, आणि माझं मन मात्र खचलं. गावातल्या कोणत्या वस्तीला किती वेळ पाणी सोडायचं हे ठरवणारा प्रोग्राम सावंतबाईंनी अठरा वर्षांत लिहिला. त्या उद्या निवृत्त होतात. पुढे तो मला सांभाळायचा आहे, म्हणून मी आपोआप होणारी तपासणी बसवली होती. प्रोग्रामचा एखादा तुकडा का लिहिला याची टीप त्यावर नसली, की तिथे लाल खूण.

उघडून पाहिलं, तर माझा सहकारी मिलिंद याने चारशे बारा ठिकाणी एकच वाक्य चिकटवलं होतं: 'हा भाग आवश्यक आहे.'

"हे काय रे?"

"साहेब, टीप हवी होती, दिली. आता तुम्हीच लाल झालात!"

टीप आहे की नाही, एवढंच तपासणीला कळतं. आमच्या घरी 'रवा' लिहिलेल्या डब्यात कित्येक वर्षं साबुदाणा आहे. ते आम्हा नवरा-बायकोलाच ठाऊक, आणि आम्ही काही कायमचे नाही.

मी सावंतबाईंना एक ओळ दाखवली. "बाई, टेकडीवरच्या वस्तीला मंगळवारी सात मिनिटं कमी का हो?"

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. "काहीतरी कारण होतं. आता नाही आठवत."

तिथलं मिलिंदचं वाक्य पुसून मी लिहिलं, 'कारण कुणालाच माहीत नाही.' सात मिनिटांना हात लावायचा धीर झाला नाही. टेकडीवरची माणसं मंगळवारी दोन हंडे कमीच भरतील.