प्लास्टर वाळेपर्यंतचं मत

दवाखान्याच्या तळमजल्यावर एक्स-रेच्या शेजारची खोली प्लास्टरची. तिथं एकोणीस वर्षं काम करणाऱ्या बाईंना सगळे प्लास्टरताई म्हणत. मोडलेलं हाड डॉक्टर जागेवर बसवत आणि पुढच्या पेशंटकडे जात. त्यानंतर कापूस गुंडाळणं, पट्टी बादलीत बुडवणं, बुडबुडे थांबले की हलकेच पिळून पायावर फिरवणं हे सगळं ताईंचं. शेवटची पट्टी फिरवली की तो पाय दोन्ही तळहातांवर तोलून धरायचा. प्लास्टर आधी गरम होतं, मग घट्ट होतं. त्या सात-आठ मिनिटांत माणूस हलला, तर केलेलं सगळं पाण्यात.

माणूस हलू नये म्हणून ताई सिनेमाबद्दल बोलत. 'दुखतंय का' असं विचारलं की न दुखणाऱ्यालाही दुखायला लागतं, हा त्यांचा अनुभव. सिनेमाचं काढलं की तो ऐकत राहतो.

"परवा घरी एक बघितला," त्या सुरुवात करत. "बोटीवरच्या स्वयंपाक्याचा. माणूस चांगला आहे, पण बायकोला पत्र लिहीत नाही. तिथं तो माझ्या मनातून उतरला."

गोष्ट शेवटाला यायच्या आत प्लास्टर घट्ट झालेलं असे. पेशंट घरी जाई, सहा आठवडे पाय उशीवर ठेवून पडून राही, आणि दुसरं काहीच करता येत नसल्यामुळे तो सिनेमा बघे. प्लास्टर कापायला येताना बहुतेक जण स्वतःचं मत घेऊन येत. कापायच्या यंत्राचा आवाज कान किटवणारा, तरी लोक त्यावरून ओरडून सांगत, की स्वयंपाक्याची चूक नव्हती, पत्र लिहिलं होतं, पोचलं नव्हतं. ताई मान डोलवत आणि कापत.

हे असंच चाललं असतं, पण एके दिवशी नडगीचं हाड मोडलेले एक गृहस्थ आले. हे छापखान्यात चौतीस वर्षं प्रुफं तपासून निवृत्त झालेले. दवाखान्याच्या केसपेपरवरच्या दोन चुका त्यांनी स्ट्रेचरवर आडवे असतानाच दुरुस्त केल्या होत्या, म्हणून ताई मनातल्या मनात त्यांना प्रुफवाले म्हणू लागल्या. मुलगी परगावी, घरात ते एकटे. ताईंनी पाय धरला तेवढ्या वेळात त्यांना चार सिनेमे थोडे थोडे सांगून झाले. त्यांनी खिशातली पेन्सिल काढून चारही लिहून घेतले.

सहा आठवड्यांनी ते परत आले, तेव्हा प्लास्टर गुडघ्यापासून घोट्यापर्यंत बारीक अक्षरांनी भरलेलं होतं. अक्षरं त्यांच्या बाजूनं सरळ, म्हणजे ताईंच्या बाजूनं उलटी. वाचण्यासाठी ताईंना त्यांच्या उशाशी जाऊन उभं राहावं लागलं. पहिला सिनेमा: एका प्रसंगात पिशवी उजव्या हातात, लगेच पुढच्यात डाव्या. दुसरा: स्वयंपाकी तीन तास बोटीवर आहे, एकदाही भांडी घासत नाही. तिसऱ्यापुढे नुसतं 'नको' लिहिलं होतं. चौथ्याचा मजकूर घोट्यापाशी वळून टाचेकडे गेला होता.

"इतकं काही वाईट नव्हतं ते," ताई म्हणाल्या.

"सिनेमे जाऊ द्या," प्रुफवाले म्हणाले. "मला तुमच्या मतांबद्दल बोलायचंय. ती तुमची नाहीत."

ताईंनी यंत्र खाली ठेवलं.

"चौतीस वर्षं मी दुसऱ्यांचा मजकूर वाचला. एकाच्या लिखाणात दुसऱ्याचा हात पडला की मला कळतं. तुम्ही म्हणालात, 'हल्लीच्या सुनांना बसून बोलायला वेळ नाही, हे त्या सिनेमात बरोबर दाखवलंय.' असं कुठली सून म्हणते?"

ताईंनी यंत्र उचलून चालू केलं. नेहमीप्रमाणे आधी स्वतःच्या तळव्याला लावून दाखवलं, की कातडी कापत नाही. मग एक बाजू कापली, दुसरी कापली, आणि यंत्र बंद झाल्यावर म्हणाल्या, "सासूबाईंची आहेत."

गोष्ट खरी होती. दिवसभर उभं राहून ताईंचे पाय भरून येत. जेवण आटोपून सोफ्यावर टेकल्या, की सिनेमाची नावं पडद्यावर यायच्या आत त्या झोपलेल्या असत. नवरा जहाजावर कामाला, वर्षातून दोनदा घरी. सिनेमा पूर्ण बघायच्या त्या सासूबाई. सकाळी चहा गाळताना त्या सगळी गोष्ट सांगत आणि गोष्टीपेक्षा जास्त मत सांगत. ताई ते डब्याबरोबर दवाखान्यात घेऊन येत. एकोणीस वर्षांत ताईंनी एकही सिनेमा शेवटपर्यंत बघितला नव्हता.

त्या संध्याकाळी ताईंनी प्लास्टरचे कापलेले दोन्ही भाग पिशवीत घालून घरी नेले. सासूबाईंनी चष्मा लावला.

"धुतलंय का हे?"

"प्लास्टर धूत नाहीत, आई."

सासूबाईंनी टाचेपर्यंत वाचलं. त्या टेलिफोनच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या. उभा जन्म लोकांची बोलणी जोडून देण्यात गेला, आणि मध्ये एक शब्द बोलायची परवानगी नव्हती. त्याची भरपाई आता चालू होती.

"त्यांना सांग, पिशव्या बघायला सिनेमा लावत नाहीत. आणि तिसऱ्याला 'नको' म्हणजे काय? कारण द्या म्हणावं."

प्रुफवाले आठवड्यातून दोनदा पायाच्या व्यायामाला शेजारच्या खोलीत येत. ताईंनी निरोप दिला. त्यांनी कारण दिलं, चांगलं लांबलचक. ताईंनी ते घरी पोचवलं. सासूबाईंनी उत्तर दिलं. महिनाभर ताई दोघांच्या मधली तार होऊन राहिल्या. एका मंगळवारी एका मुलीच्या मनगटाला पट्टी फिरवताना त्यांच्या लक्षात आलं, की आपण सासूबाईंचं वाक्य विसरलोय आणि प्रुफवाल्यांचं सांगतोय, आणि मुलीला दोन्हीत काही फरक वाटत नाहीये. त्याच दिवशी त्यांनी प्रुफवाल्यांना सांगितलं, "रविवारी दुपारी घरी या. समोरासमोर काय ते होऊन जाऊ दे."

ते काठी टेकत आले. सासूबाईंनी इस्त्रीची साडी नेसली होती. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला. निरोपातून महिनाभर भांडलेली माणसं खोलीच्या दोन टोकांना बसून पंख्याकडे बघत राहिली. शेवटी ताईंनीच सिनेमा लावला. दुपारची वेळ, ताईंची झोप झालेली, शिवाय पाहुण्यांसमोर झोपणं बरं दिसत नाही. त्या जाग्या राहिल्या.

सिनेमा दोन भावांचा होता. वडिलांचं घर विकायला काढलंय. धाकट्याला विकायचंय, थोरल्याला नको. दोन तास दोघं एकमेकांना टाळतात, आणि शेवटी सही करायला 'येतो' असं पत्रानं कळवूनही थोरला येत नाही, धाकटा कचेरीत एकटाच पेन घेऊन बसून राहतो.

"थोरल्याचंच बरोबर," सासूबाई म्हणाल्या. "घर ठेवायचंय त्यानं कशाला पाय उचलावा?"

"मुळीच नाही," प्रुफवाले म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला. "यायचं नव्हतं तर 'येतो' असं लिहून कळवलं कशाला? मी ते पत्र नीट वाचलंय."

"पत्रच वाचा तुम्ही. माणूस बघू नका."

"ती सामान बांधते ती कोण?" ताईंनी विचारलं.

दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"धाकट्याची बायको," सासूबाई म्हणाल्या. "तिचं काय?"

"सगळा सिनेमाभर तीच सामान बांधतेय. भांडी कागदात गुंडाळली, पडदे काढले, जिन्यावरून खोकी खाली नेली. दोघं भाऊ भांडतायत, आणि तिला एकदाही कुणी विचारलं नाही, की तुला कुठं राहायचंय."

"तिचा सिनेमाच नाहीये तो," प्रुफवाले म्हणाले.

"तेच म्हणतेय मी."

मग सासूबाई उठल्या आणि चहा ठेवायला स्वतः आत गेल्या. हे त्या घरात फारसं घडत नसे. आतूनच त्या म्हणाल्या, "मला नाही पटलं हं."

सोमवारी एका गवंड्याचा घोटा हातावर धरून ताईंनी त्या बायकोबद्दल सांगितलं. प्लास्टर घट्ट झालं, तरी त्यांचं बोलणं संपलं नव्हतं. पहिल्यांदाच पेशंट म्हणाला, "ताई, वाळलं असेल ना?"

प्रुफवाल्यांची काठी सुटली, व्यायाम संपले, तरी रविवारची दुपार तशीच राहिली. तिघांचं कुठल्याच सिनेमावर एकमत झालं नाही. फक्त एकदा झालं. त्या दिवशी चहा पिऊन होईपर्यंत कुणाला काही बोलायला सुचेना. म्हणून पुढच्या रविवारी त्यांनी तोच सिनेमा परत लावला, आणि अर्ध्या तासात एकमत मोडलं.